रिकामा आलेला डबा

जानराव रामटेके भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, घड्याळ मिळालं आणि त्याच हिवाळ्यात दवाखान्याच्या तपासणीत साखर निघाली. शाल आणि घड्याळ कमलाबाईंनी कपाटात ठेवून दिलं आणि त्या साखरेच्या हात धुऊन मागे लागल्या. मोठी कढई माळ्यावर गेली. साखरेचा डबा घासून त्यात जवस भरलं गेलं. रेल मिलमध्ये उभा जन्म काढलेल्या आणि जेवणानंतर गुळाचा खडा तरी हवाच असणाऱ्या माणसापुढे आता भाजलेले फुटाणे, वाफवलेले दुधीचे मुठे आणि बिनतेलाचा मुगाचा चिला येऊ लागला. गोड खायची हुक्की आलीच तर दालचिनी भुरभुरलेलं भाजलेलं सफरचंद. ते जानरावांनी एकदा खाल्लं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मात्र खरोखर जमून गेली. ती म्हणजे ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. थेंबभर तेलात कढीपत्ता, मिरची आणि जवस तडतडवायचं, हळद आणि आमचूर घालायचं आणि मंद आचेवर लाह्या परतत बसायचं. घाई केली की बिघडलं. कुरकुरीत, झणझणीत आणि पोटाला भार म्हणून नाही.

"हे खाऊन माणूस उडून जाईन एखाद्या दिवशी," जानराव कुरकुरायचे, पण वाटी चाटूनपुसून संपवायचे.

रिटायर झाल्यावर प्लांटचं सेक्टरातलं क्वार्टर सोडून दोघं जुनवानी भागातल्या घरात राहायला आली होती. घरामागच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांमध्ये या चिवड्याचं नाव झालं. 'कॅलरी' हा शब्द कमलाबाईंनी दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमकडून उचलला होता. तो त्या इतक्या अधिकाराने वापरायच्या की नव्या बायकांना वाटायचं, या कुठे तरी नर्स होत्या. कोणाच्या घरी काय तळलं जातं आणि कोण काय लपवून खातं, हे कमलाबाईंना वासावरून कळायचं. निदान त्यांची तशी पक्की समजूत होती.

मग मागच्या गल्लीत रेणू राहायला आली. तिचा नवरा नरेश जवळच्या चरोद्याला रेल्वेत होता. रेल्वेचं क्वार्टर सोडून दोघांनी इथे घर घेतलं होतं. पहिल्याच सकाळी ती बागेत कमलाबाईंशेजारी येऊन चालू लागली. त्यांच्या तोंडून मराठी ऐकून तिचा चेहरा फुलला.

"काकू, तुमी कुठल्या?"

"माहेर साकोलीकडचं."

"अवो माय! मी बी तिकडचीच. आमी कापगते. तुमचं आडनाव काय?"

"रामटेके."

"अच्छा, अच्छा," रेणू म्हणाली.

आता या दोन अच्छांमध्ये काय होतं, हे सांगणं कठीण आहे. कदाचित काहीच नसेल. पण कमलाबाईंनी ते दोन्ही अच्छा घरी आणले, भाजी निवडताना उलटेपालटे करून पाहिले आणि झोपताना पुन्हा पाहिले. साकोलीकडचं माणूस भेटलं म्हणून त्यांना आनंद झाला होता, आणि साकोलीकडचंच माणूस भेटलं म्हणून धास्तीही वाटली होती. तिकडे आडनाव ऐकलं की माणसाला सगळं कळतं. वेगळं काही विचारावं लागत नाही.

हे समजायला कमलाबाईंचं डब्यांविषयीचं मन समजलं पाहिजे. सेक्टरात त्यांच्या एका बाजूला तेलुगू घर होतं, दुसऱ्या बाजूला बिहारचं, समोर इथलंच छत्तीसगडचं. कोणाची भाषा कोणाला धड येत नव्हती. पण एक नियम सगळ्यांना पाठ होता. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काही नसलं तर चार मिरच्या घाला, चिमूटभर साखर घाला, पण रिकामं नाही.

कमलाबाईंच्या माहेरच्या गावात हा प्रश्नच आला नव्हता, कारण त्यांच्या घरचं भांडं कधी दुसऱ्या आळीत गेलंच नाही. त्यांची आई लोकांच्या खळ्यात राबायची. तिला कोणी काही दिलं तर ते वरून तिच्या भांड्यात पडायचं. तिच्या घरचं मात्र कोणी काही घ्यायचं नाही. नवी नवरी होऊन भिलाईला आलेल्या कमलाने पहिल्यांदा शेजारच्या तेलुगू बाईला वाटीभर झुणका दिला आणि ती वाटी चकलीसारख्या मुरुक्कूंनी भरून परत आली, तेव्हा ती स्वयंपाकघराचं दार लोटून रडली होती. भरलेली वाटी म्हणजे तुझ्या हातचं खाल्लं आणि माझ्या हातचं तू खा. कमलाबाईंच्या लेखी याहून मोठा मान दुसरा नव्हता.

म्हणून त्यांनी रेणूला चिवडा पाठवला. संध्याकाळी जानराव डॉक्टरांच्या हुकमाने चालायला निघायचे, ते रेणूच्याच गल्लीतून बागेत जायचे. कमलाबाईंचे गुडघे सकाळी साथ द्यायचे, संध्याकाळी नाही. तेव्हा जाताना जानरावांनी भरलेला डबा द्यायचा आणि आदल्या दिवशीचा परत आणायचा, असं ठरलं.

दुसऱ्या संध्याकाळी डबा परत आला. घासलेला, लख्ख आणि रिकामा.

"काही म्हणली का ती?" कमलाबाईंनी विचारलं.

"म्हणली ना. मस्त झाला म्हणली." जानराव खाली वाकून बूट काढत होते.

"अन् डबा असाच देल्ला?"

"मंग का करन? नवीन घर हाय त्यायचं. सामान बी उघडलं नसन अजून."

कमलाबाईंना ते पटलं. पण पुढचाही डबा रिकामा आला, आणि त्याच्या पुढचाही. सामान उघडायला एवढे दिवस लागत नाहीत. बागेत मात्र रेणू भेटली की तोंड भरून बोलायची. "काकू, काय चिवडा करता तुमी! हे तं डब्यावर तुटून पडतात." कमलाबाई हसून मान हलवायच्या आणि मनात म्हणायच्या, तोंडदेखलं किती गोड बोलते बाई. तुटून पडले असते तर डब्यात एखादा शेंगदाणा तरी ठेवून पाठवला असता.

शंका एकदा घरात शिरली की ती बसायला चटई मागत नाही. रेणू चिवडा कुठे टाकत असेल, याचा कमलाबाई विचार करू लागल्या. तिच्या गल्लीत एक तांबडी गाय फिरायची. ती हल्ली कमलाबाईंना जास्तच गुटगुटीत दिसू लागली. एकदा तर त्या गायीजवळ थांबून जमिनीवर कुठे लाह्या पडल्यात का ते पाहत होत्या, तेवढ्यात रेणूने खिडकीतून हाक मारली. कमलाबाई चप्पल तुटल्याचं सोंग करून तिथून सटकल्या.

या आगीत सुजाताने तेल ओतलं. सुजाता त्यांची बुद्धविहारातली मैत्रीण. तिच्या नवऱ्याची नोकरी रेल्वेतली, म्हणून ती पुष्कळ वर्षं चरोद्याच्या कॉलनीत राहिली होती.

"कापगते म्हणजे नरेशच्या घरचे ना?" सुजाता म्हणाली. "त्याची माय मोठी सोवळ्याची होती, कमला. पाणी मागतलं तं आपला गिलास वेगळा. धुऊन बी बाहेरच ठेवे. आता ते गेली, पण सून तं तिच्याच हाताखाली शिकली न!"

 घरी येऊन कमलाबाईंनी लाह्या भाजायला घेतल्या. आता त्या डबा मैत्रीसाठी पाठवत नव्हत्या, पारखण्यासाठी पाठवत होत्या. पाहू, किती दिवस रिकामा पाठवते. रोज संध्याकाळी दाराशी उभ्या राहून त्या जानरावांच्या हातातला डबा घ्यायच्या आणि झाकण उघडण्याआधीच त्यांना कळायचं. भरलेला डबा हातात वेगळा लागतो.

दरम्यान दुसरीच एक भानगड सुरू झाली. जानरावांची साखर पुन्हा तपासली, ती खाली यायच्या ऐवजी वर गेली होती. आहाराच्या मॅडमने चष्म्यावरून कमलाबाईंकडे पाहिलं. "घर में मीठा बंद है ना?" कमलाबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी घरी येऊन जानरावांचे सगळे खिसे उलटे केले. एका खिशात बसचं जुनं तिकीट निघालं, दुसऱ्यात बडीशेप. कोपऱ्यावर गौरव जलेबी तळायचा. त्यालाही त्यांनी गाठलं.

"हमारे साहब आते हैं क्या इधर?"

"नहीं मौसी. काकाजी तो इधर देखते भी नहीं. नाक पे रुमाल रखके निकल जाते हैं."

तो खरंच बोलत होता, हे कमलाबाईंनी ओळखलं. मग त्यांनी तपासणीच्या मशीनवर संशय घेतला, लाह्यांवर घेतला, सकाळच्या दुधावर घेतला. नवऱ्यावरही घेतला, पण तो माणूस घराबाहेर फक्त संध्याकाळी बागेपुरता पडायचा, आणि बागेत खायला काय मिळणार, गवत? डबा आणि साखर या दोन चिंता त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख झाली नव्हती.

एका सकाळी रेणूने चालता चालता मध्येच विचारलं, "काकू, तुमच्याकडे गोड चालत नाई का?"

कमलाबाई सावध झाल्या. "आमच्याकडे गोड बंद हाय. घरातच येऊ देत नाई मी."

"येऊच देत नाई?"

"उंबऱ्याच्या आत नाई."

रेणूचा चेहरा पडला. तिने मान खाली घातली आणि बाकीची फेरी मुकाट्याने पूर्ण केली. कमलाबाईंनी तो पडलेला चेहरा बरोबर टिपला आणि त्याचा अर्थ साफ चुकीचा लावला. म्हणजे हिला रिकामा डबा पाठवायला सबब पाहिजे होती, आणि ती मीच हिच्या हातात दिली. स्वतःच्या भोळेपणाचा त्यांना संताप आला.

त्यानंतर चारसहा दिवसांनी त्या डबा घासायला घेतात तर झाकणाच्या खाचेत बोट चिकट झालं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. तेल. वरून ओव्याचा वास. आणि खाचेत अडकलेला बेसनाचा पिवळा कण. ठेठरीचा वास होता तो. बेसनाची तेलात तळलेली, इकडे तीजेला घरोघरी होणारी ठेठरी. कमलाबाई भिलाईत म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या, त्यांना तो वास झोपेतही ओळखता आला असता.

त्या मोरीपाशी तशाच बसून राहिल्या. म्हणजे रेणूने त्यांच्या डब्यात आपली ठेठरी ठेवली होती. आणि परत द्यायच्या वेळी ती काढून घेऊन, डबा विसळून, रिकामा पाठवला होता. डबा चालतो. डब्यातलं देणं मात्र जिवावर येतं. कमलाबाईंच्या डोळ्यांपुढे चरोद्याच्या क्वार्टरबाहेर उपडा ठेवलेला, त्यांनी कधी न पाहिलेला एक गिलास आला. आईसुद्धा आली. त्यांना वाटलं, इतकी वर्षं आपण इथे ताठ मानेने काढली आणि शेवटी साकोली आपल्या मागे जुनवानीपर्यंत चालत आली.

"ते डबा आणू नका आता," त्या जानरावांना म्हणाल्या. "बंद."

"कावून?" जानराव दचकले. "म्हणजे... पाठव न. बिचारी आस लावून राह्यते."

"कायची आस?"

"चिवड्याची," जानराव घाईघाईने म्हणाले.

नवऱ्याला त्या बाईचा एवढा पुळका का, याचीही कमलाबाईंनी मनात नोंद केली.

रविवारी बागेतल्या बायकांचा हलका नाश्ता असायचा. प्रत्येकीने काही तरी कमी तेलाचं करून आणायचं. नीतूने मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर आणली होती. हर्षाने साबुदाणावडे आणले होते, आणि ते एअर फ्रायरमधले असल्यामुळे हलके आहेत, असं ती सगळ्यांना पटवत होती. रेणूने एका पसरट डब्यात तिखुराच्या वड्या आणल्या होत्या. रानातल्या कंदाचं ते पांढरं पीठ दुधात आटवून केलेल्या, वर वेलदोडा. "साखर नाममात्र हाय," ती म्हणाली, आणि कोणाकडे न पाहता डबा कडेला ठेवला.

कमलाबाई पळसाच्या द्रोणांत चिवडा भरून एकेकीला देत होत्या. रेणूने हात पुढे केला. कमलाबाईंनी भरलेला द्रोण तिच्यासमोरून पुढे नेला आणि नीतूच्या हातात ठेवला.

"काकू, मले?"

"तुले कायले पाह्यजे?" कमलाबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "इथं सगळ्यायच्या समोर खाशीन, अन् घरी गेल्यावर? तुमच्या घरात आमच्या हातचं चालत नाई, तं नाई म्हणून सांग. गायीले घालून डबा धुऊन पाठवतं, ते नको करू. रामटेक्याची असली तरी मले समजते."

 हर्षाचा वडा तोंडाजवळ तसाच राहिला. रेणूचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लालबुंद झाला. कमलाबाईंना क्षणभर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आईच्या वाट्याला जे बोलायला मिळालं नाही ते त्यांनी आज भर बागेत बोलून टाकलं होतं.

"मी गायीले घालते?" रेणूने पुढे केलेला हात मागे घेतला. "अन् तुमी काय करता, काकू? इतके दिवस मी डबा भरून भरून पाठवून राहिली. लाडू पाठवले, खुरमी पाठवली, पुरणपोळी पाठवली. तुमच्या तोंडातून एक शब्द नाई. मले वाटलं, देवाले दाखवून आणलं असन असं वाटून तुमच्यात खात नसन, म्हणून मी तुमच्यासाठी नैवेद्याच्या आधीच वेगळं काढून ठेवाले लागली. तुमी म्हणल्या गोड उंबऱ्याच्या आत येऊ देत नाई. मंग मी ठेठरी केली. ते बी फेकली का?"

"काय पाठवलं?" कमलाबाई म्हणाल्या.

"डबा, काकू! रोजचा डबा!"

"माझा डबा रोज रिकामा येते."

"मी रोज काकाजीच्या हातात भरलेला देते!"

 आणि मग, कोणी न सांगता, सगळ्या बायकांच्या माना एका बाजूला वळल्या. फिरायच्या रस्त्यावरून, पांढरे बूट घालून, दोन्ही हात डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे हलवत, रविवारच्या नाश्त्यात काही मिळेल म्हणून आज सकाळीच बाहेर पडलेले जानराव येत होते. जवळ आल्यावर त्यांनी एवढ्या बायका आपल्याकडे टक लावून पाहताना बघितल्या. मध्ये उभी असलेली बायको पाहिली, तिच्याजवळ उभी असलेली रेणू पाहिली. प्लांटमध्ये सायरन झाल्यावर माणूस वळतो तसे ते जागच्या जागी वळले आणि आले त्याहून दुप्पट वेगाने उलट दिशेला चालू लागले.

पहिल्यांदा नीतूला हसू फुटलं. "अरे बाप रे, काकाजी!" मग हर्षा हसली, मग सगळ्याच. नळाजवळच्या बाकावर जानराव रोज संध्याकाळी पाठमोरे का बसतात आणि नंतर नळावर काय विसळतात, हे संध्याकाळी मुलांना घेऊन बागेत येणाऱ्या एकीला आता उमगलं, दुसरीने त्यात भर घातली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बायका हसल्या. रेणूसुद्धा ओठ दाबून हसली, आणि मग तिला कमलाबाई काय काय बोलल्या ते आठवलं असावं, कारण तिने आपला डबा उचलला आणि ती निघून गेली. कमलाबाई अजिबात हसल्या नाहीत.

घरी जानराव आधीच पोचले होते आणि गुन्हेगारासारखे पलंगाच्या कडेला बसले होते. कमलाबाईंनी दार लावलं.

"गोड सोडून देतो," जानराव म्हणाले. "आजपासून. तुह्या गळ्याची आण."

"गोडाचं बोलून नाई राहिली मी."

"मंग?"

"मी रोज दारात उभी राहे. रोज तो डबा हातात घे. तुमाले माह्या तोंडाकडे पाहून समजत नव्हतं का मले काय वाटून राहिलं ते?"

 दर जयंतीला विहारात उभं राहून माणसाच्या मानाविषयी खड्या आवाजात बोलणारा हा माणूस, लोक त्याचं भाषण ऐकायला थांबायचे. आज तोच चादरीचा कोपरा बोटाभोवती गुंडाळत बसला होता.

"समजत होतं," ते शेवटी म्हणाले. "रोज वाटे, आज सांगतो. मंग बाकावर बसलो की वाटे, आजचा खातो अन् उद्या सांगतो. सांगतलं असतं तं डबे बंद झाले असते, कमले."

"म्हणजे मी तिले तसली बाई समजून जळत राहिली, ते चाललं तुमाले. लाडवासाठी."

 कमलाबाईंना नवऱ्याचा इतका राग उभ्या संसारात कधी आला नव्हता. प्लांटमध्ये संप झाला तेव्हा नाही, न विचारता भावाला पैसे दिले तेव्हा नाही. साखर चोरून खाल्ली असती तर त्यांनी चार शिव्या घालून विषय संपवला असता. पण आपल्या बायकोच्या सगळ्यात जुन्या जखमेवर बसून या माणसाने आरामात खुरमी खाल्ली होती. आणि त्यांनी स्वतः तरी काय केलं होतं? एका पोरसवदा बाईला, जी तिच्या परीने वेगळं काढून ठेवत होती, भर बागेत नको ते बोलल्या होत्या. या दुसऱ्या गोष्टीसाठी जानरावांना जबाबदार धरता येईना, कितीही प्रयत्न केला तरी.

दुपारी त्या एकट्या रेणूच्या घरी गेल्या. काही न घेता गेल्या. हातात भांडं घेऊन जावं असं त्यांना वाटलं होतं, पण आज भांड्याआड लपायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

रेणूने दार उघडलं. "या," एवढंच म्हणाली.

कमलाबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. "माझं चुकलं, रेणू. चारचौघीत बोलली, आता चारचौघीत माफी मागन. यायले बी घेऊन येते, ते बी मागतीन."

"काकाजीचं जाऊ द्या." रेणू भिंतीला टेकून उभी होती. "एक सांगा. तुमाले खरंच वाटलं का, मी तुमच्या हातचं फेकून देते म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. लोक सांगतात म्हणून वाटलं, तब्येत बरी नव्हती म्हणून तोंडातून गेलं, असं पुष्कळ काही म्हणता आलं असतं.

"हो," कमलाबाई म्हणाल्या. "खरंच वाटलं."

"मंग एक डाव विचारलं कावून नाई?"

"विचारत नसते, बाई. माह्या मायनं कधी कोणाले विचारलं नाई. विचारलं तं जे ऐकू येते ते घेऊन घरी यावं लागते. त्यापरीस मनात समजून घेतलेलं बरं."

 बाहेर मालगाडी जात असल्याचा आवाज येत होता, तो संपेपर्यंत रेणू तशीच उभी होती. मग ती येऊन समोर खाली बसली.

"तुमी साफच चुकीचं समजल्या असं नाई, काकू," ती म्हणाली. तिने कमलाबाईंकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं. "माझी सासू असती तं तो डबा फेकलाच असता. गिलासाचं सुजाताकाकूनं सांगतलं असन, ते बी खरं हाय. मी माह्या हातानं तो गिलास बाहेर ठेवलेला हाय. अन् तुमचा पयला डबा आला न, तो मी वट्यावरच ठेवला होता. आडनाव मालूम होतं. उघडाले हात झाला नाई. तवा मले शरम बी वाटली नाई. आता वाटते."

 म्हणजे ते दोन अच्छा कमलाबाईंनी नीटच ऐकले होते. एवढ्या सगळ्या चुकीच्या तर्कांमध्ये एक तर्क बरोबर निघाला होता, आणि तो बरोबर निघाल्याचं त्यांना जराही सुख झालं नाही. उठून जावं असं त्यांना वाटलं. पण समोरची बाई हे सांगायला बांधलेली नव्हती, आणि तरी सांगत होती.

"मंग?" त्यांनी विचारलं.

"मंग काय? हे ड्युटीवर. गॅसचा पत्ता नाई, भांडे सगळे बांधलेले. भूक लागली." रेणूने नाक पुसलं. "झाकण उघडलं. मिरचीचा वास आला. थोडासा खाऊन पाहिला. मंग उभ्या उभ्या सगळा खाल्ला, काकू. यायच्यासाठी बी ठेवला नाई. अन् खाल्ल्यावर काय झालं? काईच नाई झालं. तवा मले सासूचा लई राग आला. इतके वर्षं कायले तो गिलास धुतला मी?"

ती रडत होती, पण आवाज न करता. कमलाबाईंना कळेना की हिला जवळ घ्यावं की नाही. त्यांनी घेतलं नाही. त्या खुर्चीच्या कडेवरून मागे सरकल्या आणि नीट टेकून बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसांच्या चेहऱ्यांवरून, भांड्यांवरून, अर्ध्या शब्दांवरून हे ओळखायचा धंदा केला होता. तोंडावर, स्वतःहून, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते ऐकायला वाईट होतं, आणि तरी त्यांना हलकं वाटत होतं.

"रेणू," त्या म्हणाल्या, "पुढं कधी हात झाला नाई तं तसं सांगजो मले. मी बी विचारीन."

रेणूने मान हलवली आणि ती चहा मांडायला आत गेली.